दमलेल्यांचा रविवार

व्यंकटराव पोस्टमास्तर होते. त्यांचे चिरंजीव नारायणराव कोर्टात नाझर झाले. नारायणरावांचा मुलगा उद्धव वीज मंडळात अभियंता होऊन नागपुरास स्थायिक झाला. तीन पिढ्यांनी असे काम केले, की जे एका शब्दात सांगता यावे, दारावरच्या पाटीत मावावे आणि ऐकणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारू नये. चौथ्या पिढीत आल्हाद जन्मला आणि घराण्याची ही सोय संपली.

आल्हाद मुंबईस नोकरीला आहे आणि पगार दणदणीत आहे, एवढे देऊळगाव राजात सर्वांना ठाऊक होते. त्यापुढे धुके. हे धुके त्याच्या आजीला, शारदाबाईंना, मुळीच सोसत नसे. बाई कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. गावातल्या निम्म्या आया त्यांच्या हाताखालून गेलेल्या आणि उरलेल्या निम्म्या त्यांच्या धाकाने दुसऱ्या शाळेत गेलेल्या. नारायणराव गेल्यापासून बाई घरात एकट्याच असत. सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचीत आणि त्यातल्या चुका लाल पेन्सिलीने सुधारीत. त्या चुका पाहायला घरात दुसरे कोणी नव्हते, ही गोष्ट निराळी. तपासणी ही तपासणीसाठीच करायची असते, असे त्यांचे मत होते. ओट्यावर वेताच्या दोन खुर्च्या होत्या. एकीचा वेत खाली झोळ धरून होता, दुसरीचा अजून कोऱ्या ढोलकीसारखा ताणलेला.

आल्हाद पहिली ते दहावी याच घरात वाढला, कारण उद्धवच्या बदल्या थांबत नव्हत्या. म्हणून दिवाळीला आला तेव्हा त्याने आपला पेच आईवडिलांआधी आजीपुढे ठेवला.

त्याचे काम असे. मोठमोठे श्रीमंत आणि संस्था आपले पैसे दहा-दहा वर्षांसाठी एखाद्या फंडात अडकवतात. मुदतीआधी ते मिळत नाहीत. पण मधेच कोणाला नड लागते, कोणी वाट पाहून दमतो. अशा दमलेल्या माणसाचा हिस्सा थोड्या कमी किमतीत विकत घ्यायचा आणि उरलेली वाट आपण पाहायची. या धंद्याला सेकंडरीज म्हणतात. आता मुंबईच्या कंपनीत त्याला बढती मिळत होती : पक्का पगार, वर्षाअखेर बोनस. आणि लंडनच्या एका कंपनीने बोलावले होते. तिथला पगार त्या शहराच्या मानाने साधारण, पण नफ्यात वाटा होता. हा वाटा एकदम हाती येत नाही; वर्षावर्षाने पिकतो, आणि मधेच सोडून गेले तर न पिकलेला तिथेच राहतो. अख्ख्या कंपन्या विकत घेणारे त्याचे मित्र याहून जास्त कमावतात आणि त्यांना मानही जास्त. पण त्यांना आंधळी उडी मारावी लागते. इथे वाटा लहान, मात्र झाडाला काय लागले आहे ते दिसत असते. शिवाय पाचपन्नास फंड आतून पाहायला मिळतात, आणि हा धंदा आत्ता वाढीला लागला आहे.

“एकंदरीत किती वर्षं?” बाईंनी विचारले.

“फंड दहा वर्षांचा आहे, आजी. मधे येता येईल, पण फारसं नाही. तू सांग. तू म्हणशील तसं करतो. मी मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी परत येतो, तेव्हा सांग.”

बाईंनी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. मुलगा ज्या प्रश्नाचा अभ्यास करून आलेला असतो त्यावर तो लांब लिहितो, हे त्यांना माहीत होते. आल्हादने मुंबईवर एक वाक्य लिहिले होते आणि लंडनवर पुरवणी जोडली होती. बाईंनी ते पाहिले आणि पाहिलेच नाही असे केले. दहा वर्षे म्हणजे काय, याचा हिशोब करायला त्यांना बोटे लागत नव्हती. त्या अठ्ठ्याहत्तरीत होत्या. उत्तर त्यांनी तिथेच ठरवून टाकले : मुंबई. फक्त, निकाल जाहीर करण्यापूर्वी चार जाणत्यांची मते घ्यावीत आणि ती आपल्यासारखीच निघावीत, एवढी रीत पाळणे बाकी होते.

पहिले जाणते शेजारचे वामनराव. हे तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, आणि त्यांना कोणत्याही गोष्टीत धोका दिसे. त्यांनी पाऊण तास ऐकून घेतले, चहा दोनदा घेतला आणि मान हलवून म्हणाले, की म्हणजे पोरगा जुना माल घेतो. लोकांनी वापरून टाकलेला. त्यात काही वाईट नाही, जालन्याला त्यांचा साडू जुन्या मोटारींत बंगला बांधून बसला. पण त्यासाठी लंडनला कशाला जायचे.

निष्कर्ष बाईंना हवा तोच होता. परंतु त्याचे कारण इतके अपमानास्पद होते की तो स्वीकारता येईना. त्यातून घरी धुणीभांडी करणारी शालूबाई तेव्हा ओट्याशीच भांडी विसळत होती. संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत बातमी झाली, की शारदाबाईंचा नातू मुंबईत भंगाराचा ठोक व्यापारी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ हातगाडीवर मोडका फवारणी पंप घेऊन दाराशी उभे राहिले. बाईंनी त्यांना असे काही पाहिले की ते पंप तिथेच टाकून निघाले आणि मग पंपासाठी परत यायचे धाडस त्यांना दोन दिवस झाले नाही.

घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता. शनिवारी वाचनालयात ज्येष्ठांची बैठक असते. बाईंनी तिथे उभे राहून, फळा मागवून, सर्वांना हा विषय शिकवायचे ठरवले. भिशीचा दाखला घेतला, कारण भिशी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. समजा भिशीत तुमचा नंबर शेवटचा आहे. तुम्ही महिनोन्महिने हप्ते भरले. आणि आता घरात आजारपण निघाले. मग तुम्ही आपला नंबर दुसऱ्या बाईला थोडी सूट देऊन विकता. तुमची नड भागते, आणि उरलेले महिने ती धीराने थांबते म्हणून सूट तिला मिळते. आल्हाद ही दुसरी बाई आहे, फक्त मोठ्या भिशीतली. “अर्धवट धरून ठेवलेली कोणतीही गोष्ट, जी धरून धरून धनी दमला आहे,” असे बाईंनी ‘आल्हाद काय विकत घेतो’ याचे उत्तर म्हणून फळ्यावर लिहिले आणि ‘दमला’खाली दोन रेघा ओढल्या.

असा पाठ बाईंनी उभ्या हयातीत घेतला नव्हता. तो समजला नाही असा एकही माणूस त्या दालनात उरला नाही, आणि हीच आपत्ती ठरली.

रविवारी उजाडताच कडूबा आला. धाड गावाकडचा शेतकरी, देऊळगावात लेकीकडे आलेला. त्याच्या पिशवीत एका सहकारी सूतगिरणीचे शेअर होते. गिरणीची कोनशिला बसली, भाषणे झाली, मग कोनशिलेभोवती तरोट्याचे तण माजले आणि आता तिथे म्हशी बसतात. शेअरचा कागद मात्र कडूबाने प्लास्टिकमध्ये मढवून ठेवला होता.

“बाई, मले फायदा नको,” तो म्हणाला. “पैसे गेले ते गेले. ही वाट पाहाची ड्यूटी तेवढी कोणाले तरी लावून द्या.”

बाई त्याला हाकलू शकल्या असत्या. पण कडूबा ताणलेल्या वेताच्या खुर्चीवर बसला होता, आणि त्या खुर्चीने किती दिवसांनी कुरकुर केली होती. बाईंनी चहा ठेवला. आल्हाद आला की बघू, असे सांगितले. हे त्यांनी सांगायला नको होते.

त्यानंतर दाराची कडी शांत राहिली नाही. ज्या लेआउटला जायला रस्ताच नाही अशा लेआउटमधला प्लॉट आला. कोणत्या तरी योजनेतली, शेजाऱ्याच्या बकऱ्यांनी निम्मी खाल्लेली चंदनाची झाडे आली. भगवान सर आले. हे बाईंच्या भाच्याचे वर्गमित्र, विनाअनुदानित शाळेत केस पिकेपर्यंत फुकट शिकवलेले. वीस टक्के अनुदान नुकतेच लागले होते, उरलेले ऐंशी कोणी विकत घेईल का, अशी त्यांची नम्र पृच्छा होती. एकाने गावच्या बालाजीला दर शनिवारी पायी येण्याचा नवस बोलला होता. अर्ध्याहून अधिक शनिवार झाले आणि गुडघे गेले. उरलेले शनिवार कोणी घेत असेल, तर झालेल्या शनिवारांचे पुण्यही त्या हिशोबाने सोबत द्यायची त्याची तयारी होती.

बाई सर्वांचे ऐकत. पहिल्या दोन दिवसांत आवाजात जरब होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारून चार खुर्च्या मागवल्या. चौथ्या दिवशी शालूबाईने विचारले की आज साखर किती आणायची, आणि बाईंना जाणवले की आपण सकाळचे वर्तमानपत्र उघडलेलेच नाही. देशात त्या दिवशी किती चुका झाल्या असतील देव जाणे. माणसे संध्याकाळी उठून गेली, की मात्र पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येई. रिकाम्या सहा खुर्च्यांची शांतता दोन खुर्च्यांच्या शांततेपेक्षा मोठी असते.

गुरुवारी सरकार आले. तालुक्याच्या एका कार्यालयातून एक तरुण निरीक्षक मोटारसायकलवर आला आणि अत्यंत अदबीने विचारू लागला, की या घरात विनापरवाना ठेवी स्वीकारल्या जातात अशी कुणकुण आहे, तर नोंदणी प्रमाणपत्र दाखवता येईल का. त्याची आई बाईंची विद्यार्थिनी होती. बाईंनी प्रथम तिच्या अक्षराची चौकशी केली. तो घामाघूम झाला, पण कर्तव्यापासून हटला नाही. लेखी खुलासा द्यावाच लागेल म्हणाला. बाईंनी सरळ, रेखीव अक्षरात लिहून दिले, की या घरात काहीही स्वीकारले जात नाही, फक्त ऐकून घेतले जाते. यावर त्याच्या साहेबांनी दुपारी निरोप पाठवला, की ऐकून घेण्याचा उद्देश स्पष्ट करावा, आणि नातवाचा व्यवसाय एका शब्दात नमूद करावा.

आयुष्यात बाईंनी लेखी खुलासे मागवले होते, दिले कधीच नव्हते. वामनरावांनी कुंपणावरून सल्ला दिला, की अशा वेळी ‘शेती’ लिहावे, शेतीला कोणी काही विचारत नाही. बाईंनी खिडकी लावून घेतली.

त्या संध्याकाळी जानेफळहून सिंधूताईंचा फोन आला. ही बाईंची थोरली बहीण. माहेरच्या घरात एकटी राहणारी, वयाने चार वर्षांनी मोठी आणि जिभेने त्याहून बरीच. तिने सरकारच्या आगमनाची हकीकत ऐकून आधी पोटभर हसून घेतले.

“आन् पोराले काय सांगून राह्यली?” तिने मग विचारले.

“मुंबई. सर्व अंगांनी विचार केला आहे मी. पक्का पगार आहे, शिवाय...”

“शिवाय तो आठ तासात तुह्या घरी येते.”

बाईंनी सवयीने चूक शोधली. हे वाक्य खोडण्यासारखे कोठेच नव्हते.

“बांध मंग त्याले,” सिंधूताई म्हणाली. “पन त्याले पगाराचं कारन नको सांगू. खरं कारन सांग. म्हाताऱ्या माणसानं खोटं सांगू नोये, दुरुस्त कराले टाइम नसते.” आणि फोन ठेवला.

त्या रात्री बाई नीट जेवल्या नाहीत. सिंधूताईपुढे त्यांचा आवाज आजवर कधी चढला नव्हता, आणि त्याला कारण होते. दोघी मुली हुशार होत्या. वडिलांची ऐपत एकीलाच बुलढाण्याला अध्यापिका विद्यालयात ठेवण्याची होती, आणि थोरली म्हणून नंबर सिंधूचा होता. नाव लागले, ट्रंकेला रंग दिला गेला, आणि त्याच महिन्यात आई अंथरुणाला खिळली. सिंधूने ट्रंकेतले आपले कपडे काढले आणि धाकटीचे भरले. शारदा रडत राहिली तेव्हा ती एवढेच म्हणाली, की तू जाय, घराचं मी पाहून घेईन. पत्र लिही म्हणाली नाही. सुटीत ये म्हणाली नाही. शारदा मुख्याध्यापिका झाली. सिंधूच्या लग्नाची गोष्ट आईच्या औषधांत मागे पडत पडत राहूनच गेली. बाईंनी पुढे पैसे पाठवले, ते परत आले. लुगडी पाठवली, ती गावातल्या लेकीबाळींना वाटली गेली. असे देणे कोणत्या चलनात फेडायचे, हे बाईंना इतक्या वर्षांत समजले नव्हते.

मार्गशीर्षातला रविवार उजाडला. जालन्याहून आलेल्या बसमधून आल्हाद उतरला आणि आजीच्या ओट्यावर त्याला एवढी माणसे दिसली. धावत आला तर आजी दारात उभी, आणि माणसे हातात पिशव्या घेऊन रांगेत.

“हे सगळे दमलेले आहेत,” बाईंनी ओळख करून दिली. “तू हात धुऊन घे.”

त्याचे कौतुक करायला हवे. तो हसला नाही. खुर्ची ओढून बसला, आणि लंडनच्या मंडळींपुढे बसला असता तसाच एकेकाला विचारू लागला : किती वर्षे धरून आहात, पुढे काय मिळणे बाकी आहे, आणि विकावेसे का वाटते. या शेवटच्या प्रश्नावर तो सर्वांत जास्त थांबे. नड आहे म्हणून विकणारा वेगळा, भीतीने विकणारा वेगळा, आणि नुसता थकलेला वेगळा. किंमत त्यावर ठरते, असे त्याने आजीला हळूच सांगितले.

भगवान सरांना तो म्हणाला, की तुम्ही मुळीच विकू नका. अनुदान लागायला सुरुवात झाली आहे, कठीण भाग तुम्ही ओढला, आता घेणारा आयता कमावेल. सर इतक्या वर्षांनी ताठ बसले. चंदनवाल्यांना बकऱ्यांच्या मालकाशी बोलायला सांगितले. नवसवाल्यांना त्याने गंभीरपणे समजावले, की असा हिस्सा दुसऱ्याच्या नावे करायला मूळ संस्थेची संमती लागते. ती बालाजीकडून आणावी. गुडघे दुखत असतील तर रिक्षाने जाऊन आणली तरी चालेल. गृहस्थांना हा मार्ग सुचलाच नव्हता. ते तडक निघाले.

कडूबाने आपला मढवलेला कागद पुढे केला. आल्हादने तो उलटसुलट पाहिला.

“याची किंमत शून्य आहे, काका. आज नाही आणि पुढेही नाही.”

कडूबाने त्याच्याकडे नीट पाहिले. “म्हंजे आता वाट पाहाची गरज नाही?”

“नाही.”

“हे मले आधी कोनीच नाही सांगलं,” कडूबा म्हणाला, आणि वर्षानुवर्षांचे ओझे उतरल्यासारखा पाय लांब करून त्याने आणखी एक चहा मागितला.

दुपारनंतर निरीक्षकही येऊन गेला. आल्हादने ‘एका शब्दात व्यवसाय’ या रकान्यात ‘नोकरी’ असे लिहिले. सरकारचे समाधान झाले. तीन पिढ्यांच्या पंगतीला बसेल असा शब्द सापडला होता, आणि तो इतका सोपा असावा याचे बाईंना थोडे वाईटच वाटले.

उन्हे कलली. खुर्च्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. आल्हादला संध्याकाळच्या बसने जालना गाठायचे होते, आणि लंडनला उत्तर सोमवारी द्यायचे होते. तो काही विचारण्याच्या आत बाई समोरच्या, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. पाठ सरळ, हात मांडीवर.

“माझाही एक हिस्सा आहे,” त्या म्हणाल्या. “विकायचा आहे.”

“कशातला?”

“तुझ्यातला.”

त्याने आपली खुर्ची पुढे ओढली. मग त्याने तोच प्रश्न विचारला, दिवसभर सर्वांना विचारलेला. “किती वर्षं धरून आहेस, आजी?”

“दहावीपर्यंत रोज भरणा केला. त्यानंतर नुसती वाट पाहिली.”

“आणि का विकतेस? नड, भीती की थकवा?”

“भीती,” बाई म्हणाल्या. मुंबईचे कारण त्यांनी महिनाभर घोटून ठेवले होते : पक्का पगार, बोनस, ओळखीची माणसे. त्यांनी ते काढले नाही. “तू मुंबईला राहावंस असं मी ठरवलं होतं. पगारासाठी नव्हे. संध्याकाळी या घरात फार ऐकू येतं, म्हणून.”

आल्हादने मान खाली घातली. “मग मी मुंबईला राहतो. खरंच राहतो.”

त्याने हे मनापासून म्हटले होते. हवे ते उत्तर बाईंच्या ओंजळीत आले होते, आणि ते घ्यायला फक्त गप्प बसावे लागणार होते. गप्प बसणे त्यांना कधी जमले नाही.

“लंडनहून रोज आठ वाजता फोन...” त्यांनी सुरुवात केली. दर दसऱ्याला येशील, आजारी पडले तर पहिल्या विमानाने येशील, अशा अटींची सबंध पलटण मागे उभी होती. पण पहिल्याच अटीला त्या अडखळल्या. रंग दिलेल्या ट्रंकेपाशी वाकलेल्या सिंधूने अट घातली नव्हती. सूट मागितली नव्हती. बाईंनी वाक्य अर्ध्यावर सोडले. व्याकरणाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातले ते पहिले अपुरे वाक्य असावे.

मग त्या बोलल्या, ते शाळेच्या भाषेत बोलल्या नाहीत. अध्यापिका विद्यालयाने जी भाषा त्यांच्या तोंडून घासून काढली होती, जी नातवाने आजीच्या तोंडून जन्मात ऐकली नव्हती, त्या जानेफळच्या भाषेत बोलल्या.

“तू जाय. घराचं मी पाहून घेईन.”

आल्हाद बराच वेळ त्यांचा हात धरून बसला. बस मात्र कोणासाठी थांबत नाही. त्याची बॅग, त्याची पाठ, वळणावर वर केलेला हात, हे सर्व बाईंनी ओट्यावरून पाहिले. वामनराव कुंपणाशी येऊन थंडीचा विषय काढू लागले. बाई आत गेल्या. दिवा लावला. एका माणसाचे तांदूळ धुतले. घरात पुन्हा सर्व काही ऐकू येऊ लागले होते. त्यांनी जानेफळला फोन लावला.

“गेला,” त्या म्हणाल्या. “लंडनला जाईल.”

“काय कबूल करून घेतलं त्याच्याकून?”

“काही नाही.”

“फोनचं? सनावाराचं?”

“नाही, ताई. एकही अट नाही. तू म्हणाली होतीस तेवढंच म्हटलं.”

पलीकडे चुलीवरचे भांडे उतरवल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. दोन गावांतल्या दोन रिकाम्या घरांची शांतता तारेवर एकमेकींना ऐकू येत राहिली.

“मंग फिटलं, शारदे,” सिंधूताई म्हणाली. “आज पुरं फिटलं.”